न वाचता येणारी किनार

ताई गेल्याचा फोन वाशिमच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी जऊळक्याच्या स्टेशनावर तिच्या मुलीची, मीराची, वाट पाहत उभा होतो. गाडी थांबली, मीरा उतरली आणि माझं तोंड पाहूनच समजली. पहिला प्रश्न एवढाच... "मामा, आई काही बोलली का?" मी नकारार्थी मान हलवली. लकव्यानंतर ताईची वाचा गेली होती, हे तिलाही माहीत होतं. तरी माणूस विचारतोच.

ताईनं जन्मभर कॉलेजात कापडाचा इतिहास शिकवला. त्यातही तिचा जीव मध्ययुगातल्या युरोपी रेशमावर. सुट्टीत आली की प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्रं पाडून दाखवायची... पाठीला पाठ लावून माना वळवलेले पक्षी, मधे झाड, द्राक्षाच्या वेली, सोन्याची तार. मी चिडवायचो, "काहून वं ताई, घरच्या चिंध्या कमी पडल्या का तुले?" ती हसायची. एकदा मात्र तिनं एका तुकड्याच्या किनारीवरची अक्षरं दाखवली. इटलीतल्या विणकरांनी पूर्वेकडून आलेल्या रेशमावर अरबी अक्षरं पाहिली होती. वाचता येत नव्हती, पण मानाची आहेत एवढं कळलं, म्हणून नुसती वळणं उचलून विणली. चर्चमधले धर्मगुरू तेच रेशीम अंगावर मिरवत. "पुस्तकात याले निरर्थक म्हणतेत," ताई म्हणाली, "मले तं आईची गोधडी दिसून राह्यली."

आमची आई निरक्षर. ताई शाळेत जायला लागली, त्या वर्षी तिनं ताईच्या पाटीवरची वळणं लाल दोऱ्यानं गोधडीच्या काठावर उतरवली. धड क नाही, धड म नाही. बाबा हसले, तर म्हणाली, "हसता कायले? माही पोरगी शिकून राह्यली, हे पांघरणाराले समजलं पायजे."

दवाखान्यात हलवण्याआधी ताई तीच गोधडी घेऊन माझ्या घरी पडून असे. डाव्या हातात शिंप्याचा खडू धरून आईच्या अक्षरांखाली रेघा ओढायची. दिसायला अक्षरं, पण एकही लागत नव्हतं. "पाणी पायजे? मीराले बलावू?" मी विचारायचो. ती मान हलवायची, रागानं खडू टाकायची, पुन्हा उचलायची. शिकवून शिकवून जिचा घसा बसायचा, तिचं शेवटचं म्हणणं मला समजू नये, याचा संताप यायचा... अजून येतो.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी घर आवरताना बायकोनं गोधडी धुवायला काढली. मीरानं ती ओढूनच घेतली. सुईदोरा मागितला आणि दारात बसून खडूच्या रेघांवरून लाल दोरा घालू लागली. एकही वळण तिनं सरळ केलं नाही. मधेच थांबून म्हणाली, "मामा, काय लिहिलं असेल आईनं?"

इतके दिवस मी त्या रेघा वाचायच्या मागे होतो. तेव्हा कुठे मला माझ्या आईचं बोलणं आठवलं, 'माही पोरगी शिकून राह्यली.'

"तुह्या आजीनं तुह्या आईसाठी जे लिहिलं," मी म्हणालो, "तेच, तुह्यासाठी."