एकटीची बारी

निघोज्याच्या सोपानआण्णांना आमच्या क्लबात कुणी निवडून दिलं नव्हतं. ते आपणहून आले आणि झेंडा घेऊन उभे राहिले. जागा त्यांचीच होती म्हणा. कंपन्यांनी आजूबाजूचं सगळं घेतल्यावर टेकाडाभोवतीचा जो तुकडा उरला, त्यावर आम्ही मोटारसायकलींच्या शर्यती घेतो. आम्ही म्हणजे महाळुंगे-चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी आणि साध्या गाडीचं मडगार्ड काढलं की स्वतःला रेसर समजणारी मंडळी. मी पळवत नाही. माझ्याकडे माईक असतो. तोंड चालवायला पेट्रोल लागत नाही.

बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात निशाण टाकायचा मान आण्णांच्या घराण्याचा, आजोबांपासूनचा. तीच शिस्त त्यांनी इथे आणली. झेंडा वर गेला की कुणी हलायचं नाही. आण्णा रेषेवरच्या एकेकाच्या डोळ्यांत बघणार, खात्री पटली की झेंडा खाली. कितीही दांडगट पोरगा असला तरी त्याआधी सुटायची त्याची छाती नव्हती.

घाटाचा आणखी एक दंडक आहे. ज्या दिवशी आपल्या घरचे बैल पळणार, त्या दिवशी निशाण दुसऱ्याच्या हाती द्यायचं. हा दंडक मात्र आण्णांनी मोडला. त्यांची मुलगी अपेक्षा क्लबात आली तेव्हा मी आठवण करून दिली होती. "पोरगी काय बैल हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी मलाच उडवून लावलं. मला ते पटलं नव्हतं. ज्याच्या काळजाचा तुकडा रेषेवर उभा आहे, त्याने निशाण धरूच नये.

गेल्या सप्टेंबरात हंगामाची शेवटची शर्यत होती. गुणांत भीमराज पहिला आणि अपेक्षा एकाच गुणाने त्याच्या मागे. जो पहिला ठरेल त्याला क्लब कोल्हापूरच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होता. भीमराज बीडकडचा, कंत्राटी कामगार, बायको मिनल पोटुशी. अपेक्षा कंपनीत क्वालिटीला. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं, आणि लग्नानंतर गाडी बंद, असं बैठकीत ठरलेलं. तिने मान डोलावली होती, पण कोल्हापूर करून येईन एवढं सगळ्यांसमोर सांगून.

सकाळपासून पाऊस लागला होता. अलीकडची मुरमाची बाजू बरी होती, पण टेकाडामागे सगळी काळी माती. तिचा नुसता राडा झालेला. अँब्युलन्सवाल्याने आधीच सांगून टाकलं, की माझी गाडी मुरमापर्यंतच येईल, चिखलात घालणार नाही. माझं विचाराल तर तिथेच शर्यत रद्द करायला हवी होती. मोठ्या शर्यतीत पावसाचे टायर असतात, वळणावळणावर माणसं असतात. आमच्याकडे नुसता उत्साह असतो. हौशी माणसाने पावसात पळू नये, हे मी आजही छातीठोक सांगतो.

पण आमचे अध्यक्ष जयदीपराव लोकशाहीवाले. त्यांनी नेहमीसारखा कौल घेतला. "ज्याला पळायचं न्हाई त्यानं हात वर करा!"

आता सांगा, अख्खं गाव बघत असताना कोण हात वर करणार? आठ जण होते, आठही हात हँडलवर. असल्या कौलाला मी कौल म्हणत नाही.

भीमराज हेल्मेट चढवताना माझ्या कानाशी आला. "भाऊ, हातबीत मोडला तर कंपनी उद्याच दुसरा गडी घेईल. मला कोण पुसायलंय?"

"मग हात वर करायचा होतास ना!"

"आन् भित्रा म्हणून घ्यायचं?" तो म्हणाला आणि रेषेवर गेला.

शर्यत रद्द झाली असती तर गुण आहेत तसेच राहिले असते, म्हणजे कोल्हापूर भीमराजचं. पण रेषेवरून जो आपल्या मनाने मागे फिरेल त्याला त्या दिवसाचा भोपळा. हे अपेक्षालाही ठाऊक होतं.

आण्णांनी झेंडा वर केला. इंजिनं गुरगुरू लागली. आण्णांची नजर एकेकावरून सरकत अपेक्षापाशी आली आणि तिथेच थांबली. झेंडा काही खाली येईना.

"आण्णा, टाका की!" जयदीपराव ओरडले. आण्णांनी ऐकलंच नाही. पाऊस त्यांच्या टोपीवरून गळत होता. गर्दी आधी हसली, मग रेषेकडे सरकली. मी माईक खाली घेतला.

गाड्या तापल्या. कडेच्या एकाने इंजिन बंद केलं आणि गाडी मागे घेतली. त्याला कुणी काही बोललं नाही, हे बघून दुसरा निघाला, मग तिसरा. भीमराजने छत्रीखाली उभ्या मिनलकडे एकदा बघितलं आणि चावी फिरवली. कोल्हापूर हातचं सोडून तो मागे आला. बाकीचेही आले. रेषेवर अपेक्षाची एकटीची गाडी राहिली.

"आण्णा, टाका," ती म्हणाली.

"समदे गेले. तूबी चल आता."

"घाटात गाडा एकटाच पळतो ना? माझी एकटीची बारी धरा."

खरं होतं ते. आमच्याकडच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, त्यालाच बारी म्हणतात. आण्णांच्याच घरचा नियम पोरीने त्यांच्या पुढ्यात ठेवला होता.

"आठ जण हुते तवर समद्यांसाठी थांबलो असं म्हनता येत हुतं," आण्णा म्हणाले. "आता थांबलो तर बाप म्हनून."

"मग थांबू नका."

आण्णांनी डोळे मिटले आणि झेंडा टाकला. घाटाच्या निशाणवाल्याने डोळे मिटून झेंडा टाकलेला मी तेव्हाच पाहिला.

तिला फक्त पाच फेऱ्या पुऱ्या करायच्या होत्या, की कोल्हापूर तिचं. जपून चालवत होती, हे मी शपथेवर सांगेन. कसली घाई नव्हती, कुणी मागे नव्हतं. टेकाडामागे गेली की दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. आण्णा आमच्याकडे पाठ करून उभे, मान खाली, कान तिकडे. आवाज दबायचा, पुन्हा चढायचा, गाडी मुरमावर दिसायची, आणि आण्णा श्वास सोडायचे. असं चार वेळा झालं.

पाचव्या फेरीत आवाज बंद पडला.

साठी ओलांडलेला तो माणूस त्या राड्यातून जसा पळाला तसा मी कुणाला पळताना पाहिलं नाही. मी त्यांच्या मागून पोचलो. गाडी आडवी, चेन उतरलेली. अपेक्षा उभी होती. डावा हात खांद्यापासून लोंबत होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"कुणी हात लावायचा नाही!" ती ओरडली.

आमचा नियमच तसा होता. रेषेआधी गाडीला किंवा गाडीवाल्याला दुसऱ्याचा हात लागला की तो बाद. आण्णांचे दोन्ही हात पुढे आलेले होते. ते तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते मागे नेले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवले.

तिने कमरेचा रेटा देऊन एका हाताने गाडी कशीबशी उभी केली आणि ढकलायला लागली. चिखलात चाक रुतायचं, ती थांबायची, दात आवळायची, पुन्हा रेटायची. एकदा पाय घसरून गुडघ्यावर आली. आण्णांच्या तोंडून नुसता हुंदका बाहेर पडला, हात मात्र सुटले नाहीत. बाप तिच्या बरोबरीने चालत होता, ती थांबली की थांबत होता. मला रडू येत होतं आणि दोघांचा रागही येत होता. मुरमाजवळ अँब्युलन्सवाला स्ट्रेचर घेऊन आला, त्यालाही तिने मानेनेच नको म्हटलं. भीमराज शेजारून चालत नुसतं "हळू, ताई, हळू," म्हणत होता.

पुढचं चाक रेषेवरून गेलं, मग मागचं. नाव पुकारायचं माझं काम, पण मी आण्णांकडेच बघत राहिलो.

आण्णांचे हात अजून पाठीशीच होते. त्यांनी जयदीपरावांकडे बघितलं, मग पोरीकडे.

"आता धरू का?" त्यांनी विचारलं.

अपेक्षाच्या हातातून गाडी सुटली आणि आडवी झाली.

"धरा लवकर, आण्णा," ती म्हणाली. "पडते मी."