देशकरांच्या हॉलमधले खलनायक

किस्से जमवायला बसलं की एकही जमत नाही. आमच्या घोळक्याचं उलटं आहे. आम्ही बसतो कार्टूनवर भांडायला आणि उठतो तेव्हा एक किस्सा तयार असतो. तो कुणाला सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही मोठी माणसं ना?"

आहोत की! मी वैदेही, शाळेत चित्रकला शिकवते. ज़ोया कपडे शिवते, तिचं अरेरा कॉलनीत छोटं बुटीक आहे. नचिकेत देशकर एका जाहिरातीच्या ऑफिसात अ‍ॅनिमेशन करतो. तिघंही तिशीच्या आसपास. दर रविवारी सकाळी नेहरू नगरला नचिकेतच्या घरी पोहे खायचे आणि फँटसी गेम्स, कार्टून यांतल्या पात्रांची चिरफाड करायची. अमका असा का वागला, दुसरं काय करू शकला असता, आणि आपण लिहिलं असतं तर त्याचं काय केलं असतं!

नियम एकच. जे पात्र तुमच्या सगळ्यात जास्त डोक्यात जातं, त्याचं वकीलपत्र तुम्हीच घ्यायचं. शिव्या काय, कुणीही देतं.

*

नचिकेतचे बाबा, म्हणजे देशकर काका, सचिवालयातून रिटायर झालेले. त्यांच्या वडिलांच्या काळात ऑफिस नागपूरहून इथे हिंदी मुलखात आलं, त्याबरोबर घरही आलं. काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. काका कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे, आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

तेव्हा आम्ही 'बादलगढ़' नावाची मालिका बघत होतो. त्यातला सेनापती राणीच्या सांगण्यावरून एक अख्खं गाव जाळतो. मला त्याचा भयंकर राग, म्हणून वकील मीच. मी त्याचं बालपण काढलं, त्याची भीती काढली, आईविना वाढला म्हणून सांगितलं. घसा कोरडा पडला.

पेपर खाली आला. "आदेश लेखी होता का?"

"काका, कार्टून आहे ते."

"असेना का. तोंडी आदेशावर गाव जाळलं? नोटशीट नाही, सही नाही? उद्या राणी म्हणेल, मी म्हटलंच नव्हतं!"

आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या भागात भर दरबारात राणी सेनापतीला म्हणाली, "मैंने ऐसा कब कहा?"

त्या रविवारपासून काका मेंबर झाले. सेनापतीला त्यांनी शिक्षाही सुनावली, बडतर्फी नाही, दूर जंगलातल्या डिंडोरीला बदली.

*

ज़ोया पात्रांचे पोशाख शिवते आणि घालूनही बघते. त्या दुष्ट राणीचा शिंगांचा मुकुट तिने पुठ्ठा आणि फोम लावून केला. इतका घट्ट बसला की निघेना. नेहरू नगरपर्यंत ती तसाच घालून स्कूटीवर निघाली.

चौकात हवालदाराने अडवलं. "मैडम, हेलमेट?"

"भैया, पहना तो है!"

त्याने मुकुटाला एक फेरी मारली. दोन्ही शिंगं हात लावून पाहिली. मग गंभीरपणे म्हणाला, "इसपे आईएसआई मार्का किधर है?"

चालान मात्र केलं नाही. म्हणाला, "घर में बच्ची है, एक फोटो ले लूँ?" ज़ोया अजून सांगते, राणीचं वकीलपत्र त्याच्याइतकं चांगलं कुणी घेतलं नाही.

*

त्याच राणीचं चित्र मी सातवीच्या वर्गाला काढायला दिलं. म्हटलं, नेहमीचं नको, तुमच्या मनातलं काढा. सगळ्यांनी आग, तलवारी, कवट्या काढल्या. काळा रंग पुरेना.

एका मुलीने राणी झोपलेली काढली. मुकुट उशाशी, अंगावर गोधडी, तोंड उघडं.

"अगं, ही अशी का?"

"मॅडम, दिनभर सबको डाँटती है, थकती नहीं होगी?"

मी ते चित्र रविवारी घेऊन गेले. आम्ही तिघांनी त्या राणीवर तासनतास घालवले होते, तिच्या सत्तेवर, तिच्या एकटेपणावर. ती थकत असेल हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला खरंच लाज वाटली, आणि आनंदही झाला. काकांनी ते चित्र बराच वेळ धरून ठेवलं. म्हणाले, "हिची रजा मंजूर करा."

*

आता नचिकेत. त्याचा जीव 'नीलद्वार' या गेममध्ये. त्यात इरा नावाची लढवय्यी मुलगी आहे आणि तिला वाढवणारा भैरो नावाचा म्हातारा लोहार. शेवटी एक झुलता पूल येतो. भैरोचे गुडघे गेलेले, त्याला तो पार करता येत नाही. इराने एकटीने पलीकडे जायचं, तरच गोष्ट पुढे सरकते.

नचिकेत पुलापाशी यायचा आणि मागे फिरायचा. दोन वर्षं! मागे जाऊन गेममध्ये मासे पकडायचा, लोकांची हरवलेली कोंबडी शोधून द्यायचा.

"पुढे जा ना," मी म्हणायचे.

"म्हाताऱ्याला टाकून? इरा असं करूच शकत नाही. लिहिणाऱ्याची चूक आहे ती."

मग त्याने तो प्रसंग स्वतः नव्याने लिहिला. त्यात भैरो इराचा हात धरून म्हणतो, "मुझे अकेला मत छोड़ना." ज़ोयाने मोठ्याने वाचलं आणि रडली. मीही डोळे पुसले. त्यानंतर पुलाची गोष्ट निघाली की आम्ही तेच वाक्य म्हणायचो.

हे सगळं चालू असताना त्याच्या खिशात हैदराबादची नोकरी होती. गेम बनवणारी कंपनी, त्याच्या लहानपणापासूनचं स्वप्न. कंपनीने उत्तरासाठी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. आम्हाला त्याने सांगितलं, "नाही म्हणणार आहे. बाबांना आत्ता नका सांगू." काकांना, कसं कोण जाणे, सगळं माहीत होतं. तेही मला म्हणाले, "त्याला आत्ता काही विचारू नकोस." एका छपराखाली दोघं, आणि मध्ये मी पोस्टमन!

*

दुपारी नचिकेत ऑफिसला गेला की काका गुपचूप तोच गेम खेळायला लागले होते. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पकडलं.

"काका, कुठवर आलात?"

"पहिल्याच गावात आहे."

"अजून?"

"अगं, माणसं किती आहेत! प्रत्येकाजवळ उभं राहून ते वरचं बटण दाबलं की बोलतात. एकाची म्हैस आजारी आहे. एकीचा मुलगा फौजेतून परत आलेला नाही. न बोलता पुढे कसं जायचं?"

तेवढ्यात इरा एका घरात शिरली. असल्या गेममध्ये लोकांच्या घरात घुसून मडकी फोडायची असतात, आत खजिना असतो. काकांनी तिला तशीच बाहेर आणली.

"काका, मडकी फोडा ना."

"त्यांचं घर आहे ते," काका म्हणाले आणि अंगणातल्या म्हातारीशी बोलायला गेले.

*

आणि मग तो रविवार. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मी ठरवलं होतं, आज नियमाप्रमाणे नचिकेतने इराचं वकीलपत्र घ्यायचं. पूल ओलांडून जाणाऱ्या इराचा त्यालाच सगळ्यात जास्त राग होता. पण आम्ही पोह्यांच्या प्लेट घेऊन बसलो आणि त्याने टीव्ही लावला, तर इरा पुलाच्या पलीकडे उभी! मागे धुकं, पुढे बर्फाचे डोंगर. आमच्यापैकी कुणीच न पाहिलेला प्रदेश.

"हे कुणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "माझा खेळ फार मागे होता. काल तुझाच, पुलापाशी थांबलेला, घेतला."

नचिकेतचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, तुम्ही भैरोला सोडून आलात?"

"सोडून कसा? त्याला विचारून आलो."

"काय विचारलं?"

"जाऊ का म्हणून. त्याच्याजवळ गेलो, वरचं बटण दाबलं. बोलतो की तो."

ज़ोया म्हणाली, "मगर अंकल, वो तो कहता है ना, मुझे अकेला मत छोड़ना?"

"नहीं बेटा. ऐसा तो कुछ नहीं कहा उसने."

मग माझ्या लक्षात आलं. ज़ोयाच्याही आलं असावं, कारण तिने ओढणी तोंडाला लावली.

"ते मी लिहिलंय," नचिकेत हळू म्हणाला. "पुलापाशी मी त्याच्याशी कधी बोललोच नाही. मला वाटलं, मला माहीत आहे तो काय म्हणेल."

"मग काय म्हणाला तो, काका?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणाला, 'भट्ठी मैं देख लूँगा, तू निकल. उधर ठंड होगी, शॉल रख ले.' आणि दिली खरंच. बघ, सामानात आहे."

नचिकेतने सामान उघडलं. तलवार, औषधं, मासे पकडायचा गळ, आणि शेवटी एक तपकिरी शॉल. तो तिच्याकडे बघत बसला. पोहे गार झाले, कुणी हात लावला नाही.

मग त्याने हातातला गेमचा रिमोट खाली ठेवला आणि काकांच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "मी जाऊ?"

काकांनी चष्मा परत घातला. पेपर उचलला, उघडला, आणि त्याच्या आडून म्हणाले, "जा. पण हैदराबादला थंडी नसते. शॉल मिळणार नाही."