दुसरा मराठी आवाज

मायची परीक्षा सोमवारी होती आणि शुक्रवारी संध्याकाळी मला कळलं की मी तिच्या फोनमध्ये चुकीचा आवाज भरून पाठवलाय.

आधी थोडं सांगायला हवं. गंगापूरकडच्या आमच्या गावात पशुसखी नेमायची होती. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना लस टोचणारी, डॉक्टर येईपर्यंत पहिला इलाज करणारी गावातलीच बाई. आमच्या घरात पूर्वीपासून मेंढरं होती. आता थोड्या शेळ्या उरल्यात, बाकी मजुरी. मायनं नाव दिलं. गावातून नावं दोन आली, जागा एक, म्हणून परीक्षा. प्रशिक्षणाच्या मॅडमनी पेनड्राइव्हवर व्हिडिओ दिले आणि घरी बघून या म्हणाल्या. मायचा फोन बटणांचा, त्यात त्या मोठ्या फाइली चालेनात. म्हणून पेनड्राइव्ह आणि तिचं मेमरी कार्ड माझ्याकडं शहरात आलं. मी कॉलेजात आहे, म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असं तिला वाटतं.

पहिल्यांदा मी नुसतं कन्व्हर्टचं बटण दाबलं. फाइली लहान झाल्या, चित्र नीट दिसलं. कार्ड गावाकडच्या जीपवाल्याकडं दिलं. दुसऱ्या दिवशी मायचा फोन.

"आरं, ही बाई हिंदी बोलती."

"तुला येते की हिंदी. बाजारात बोलतेस."

"बाजारातली येती. ही लई शुद्ध बोलती. मला वाटलं बातम्या लागल्या."

कार्ड परत मागवलं. तेव्हा नीट पाहिलं तर एकाच व्हिडिओत चार आवाज होते. आधी हिंदी, मग तेलुगू, मग मराठी, आणि खाली पुन्हा एकदा मराठी. आपण काही सांगितलं नाही तर कॉम्प्युटर पहिला आवाज उचलतो आणि बाकीचे टाकून देतो. छोट्या फोनवर नंतर बदलता येत नाही. मी स्वतः मोबाइलवर काहीही बघताना खालच्या ओळी वाचतो, त्यामुळं आवाजाकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आमच्या घरात त्या ओळी वाचणारं दुसरं कुणी नाही.

पण दोन मराठी कशाला? कॉलेजच्या लॅबमधल्या हेडफोनची एकच बाजू चालत होती. दोन्हींची सुरुवात ऐकली. तीच बाई, तेच शब्द. मग मी माझ्या परीनं विचार केला. आमच्या कॉलेजात परीक्षेचं वेळापत्रक लागतं आणि काही दिवसांनी त्याच्या खाली 'सुधारित' म्हणून दुसरं लागतं. पहिल्यावर विसंबणारा फसतो. म्हणजे खालची मराठी सुधारलेली असणार. ती निवडली, सगळ्या फाइली केल्या, कार्ड पाठवलं. सुरुवातीच्या पुढं एकही ऐकली नाही.

शुक्रवारी शहरातल्या टीव्ही सेंटर भागातल्या माझ्या खोलीवर मित्रानं माझ्या मोबाइलमध्ये राहिलेली त्यातली एक फाइल सहज लावली. बाई बोलून थांबली, तसा मधेच एक पुरुष बोलायला लागला. "ती शेळीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसते. मानेवरची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलते."

"ही काय क्रिकेटची कॉमेंट्री आहे का?" मित्र हसायला लागला.

मला हसू येईना. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा आवाज आहे, हे हळूहळू ध्यानात आलं. मायला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. खोलीत बसवेना, बाहेर जाऊन रस्त्यावरून दोन फेऱ्या मारल्या. शनिवारी सकाळी लॅब उघडल्याबरोबर वरची मराठी निवडून सगळं परत केलं, दुसऱ्या कार्डात भरलं आणि एसटी पकडली. गंगापूर येईस्तोवर माझा पाय हलायचा थांबला नाही. शेजारचे बाबा म्हणाले, "पोरा, गाडी ड्रायव्हर चालवतोय, तू नको चालवू."

माय ऊस तुटून गेलेल्या रानात होती. ती दिसायच्या आधी मला तो माणूस ऐकू आला. फोन तिच्या कमरेला खोचलेला, नजर शेळ्यांवर.

"माय, ते चुकलंय. ते आंधळ्या माणसांसाठी असतंय. कार्ड बदलू दे."

"थांब जरा. खुराचं चाललंय."

"अगं, पण मधेमधे तो बोलतो ना, तो…"

"त्योच तर कामाचा. बाई नुसतं का टोचायचं ते सांगती. हात कुठं धरायचा ते त्यो सांगतो. मी काय फोनकडं बघत बसू? शेळ्या शेजारच्या उसात गेल्या म्हंजे भांडायला तुला पाठवू का मॅडमला?"

मला पटलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी नवीन कार्ड घालून तिला बघायला बसवलं. तिनं थोडं बघितलं. "ह्यात त्यो गप बसलाय," म्हणाली आणि जुनं कार्ड परत घालून घेतलं.

सोमवारी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कुंपणाबाहेर उभा होतो. नवीन कार्ड खिशात होतं, कशाला कुणास ठाऊक. दुसऱ्या बाईनं आधी टोचलं, चांगलं टोचलं. मग माय शेळीच्या डावीकडं गुडघ्यावर बसली आणि पुटपुटायला लागली. "मानंवरची कातडी धरायची. वर उचलायची, तंबूवानी. सुई तंबूच्या बुडाला."

"मावशी, कुणाला सांगताय?" मॅडमनी विचारलं.

"शेळीला. तिला बी कळाया पायजे काय चाललंय."

बायका हसल्या. मायचा हात हलला नाही. शेळी एकदा ओरडली.

मॅडमचा फोन संध्याकाळी आला. माय "व्हय" म्हणाली, मग बराच वेळ ऐकत राहिली, मग परत "व्हय, येते" म्हणाली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, काही कळेना. फोन कमरेला खोचून ती शेळ्यांना पाणी दाखवायला निघाली.

"काय म्हणाल्या?"

"गुरुवारपासून टोचाया जायचंय," ती पाठमोरीच म्हणाली. "पेनड्राइव्हात अजून काही राहिलं असंल तर त्याच माणसाचं भरून दे."

मी खिशातलं कार्ड चाचपत तिच्या मागं चालत राहिलो.