रजेचा एकसष्टावा दिवस

तात्या, माझे वडील, लष्कराच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. निवृत्त होऊन लोणंदजवळच्या आमच्या गावी आले तेही सावधानमध्येच. मी सांगलीत नोकरी करते आणि नऊ जणांच्या फंक ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवते. फंक म्हणजे ठेक्यावर नाचायला लावणारं अमेरिकन संगीत. दर रविवारी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये, मशिनं बंद असताना आमची तालीम चालते. "फंकमध्ये पहिल्या ठोक्यावर जोर असतो," असं तात्यांना समजवायला गेले, तर म्हणाले, "म्हंजे परेडमधला डावा पाय. त्यात नवीन काय हाय?" तेव्हापासून रविवारी सकाळच्या गाडीने तेही येतात. वाजवतात मात्र उभं राहूनच.

आमचा अल्बम म्हणजे एका फौजीची साठ दिवसांची रजा. पहिल्या गाण्यात तो लोणंद स्टेशनात उतरतो, आठव्यात परतीच्या गाडीत बसतो. कल्पना माझी, त्यामुळे मिजासही माझीच. आधी आम्हीच तो इंटरनेटवर टाकला. मग जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीने त्याची रेकॉर्ड काढली. कव्हरवरची गाडी तिकडचीच, लोणंदला कधी न थांबलेली. पुढे जपानमधल्या एका कंपनीचा निरोप आला, की तिथल्या सीडीसाठी जास्तीचं एक गाणं हवं.

माझं डोकं फिरलं. रजा संपली की संपली, त्यापुढे गाणं कसलं? बाकीचे म्हणत होते, बाई, जपान आहे, फार ताणू नकोस. मी तालमीतच नकाराचा मेल लिहायला बसले.

तात्या ट्रंपेट पुसत होते. म्हणाले, "रजा वाढवून देत्यात, तर नगं कशाला म्हणतीस?"

मी थांबले. मी सहा वर्षांची असताना तात्यांची रजा संपली, त्या दिवशी आई तापाने पडून होती. साधा ताप आहे म्हणून ते गेले. चौथ्या दिवशी आई गेली. घरात यावर कधी कुणी बोललं नव्हतं.

"तवा म्या मागितलीच न्हाई," तात्या म्हणाले. "मागितली असती तर मिळाली असती."

मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. मेल खोडून टाकला.

पुढच्या रविवारी रेकॉर्डिंगला तात्यांनी खुर्ची मागितली. बसून, अगदी हळू वाजवलं, घरात कुणी आजारी झोपलेलं असावं तसं. आम्ही मागे नुसता ताल धरला.

जपानची सीडी पोस्टाने आली. आपल्याकडे आणि जर्मनीत फौजी साठाव्या दिवशी गाडीत बसतो. जपानात तात्या एकसष्टाव्या दिवशीही घरीच आहेत, आईच्या उशाशी.