राजाची वाटी

आज गॅसवर कांदा भाजायला ठेवला. साल करपल्याचा वास घरभर पसरला आणि मला नंदुरबारच्या जनावरांच्या दवाखान्यात बसलेली आई आठवली.

आमचा कुत्रा राजा चार दिवस मरगळून पडला होता. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून पाहिलं. हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

"काकू, याला खायला काय देता?"

आई ताठ झाली. "आमी जे खातस तेच. घरना पोऱ्या शे तो."

खरंच होतं ते. कांदा-लसणाच्या काळ्या रश्शात भाकरी कुस्करून ती त्याला घरच्या पोरासारखं रोज स्वतःच्या हाताने घालायची.

"तेच नडलं," डॉक्टर इंजेक्शन भरता भरता म्हणाले. "कांद्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं. लसूणही नको. साधी डाळ-भाकरी, जमलं तर उकडलेलं अंडं. त्याचं वेगळं काढत जा."

रिक्षात राजाचं डोकं मांडीवर घेऊन आई त्याचे कान कुरवाळत राहिली. मला वाटलं, ती आजाराला घाबरली. तिला 'वेगळं' हा शब्द लागला होता, हे आता कळतं.

संध्याकाळी डाळ शिजली. फोडणी पडायच्या आधीच आईने राजाची वाटी भरली, निववली, तिच्यात भाकरी कुस्करली. बाबा रिकाम्या ताटावर बसून होते. राजाने हळूहळू वाटी चाटून साफ केली.

मी म्हटलं, "शेवटी येगळंच काढं ना?"

"येगळं नही," आई म्हणाली. "पहिलं."