न लागणारा रोग

कॅन्सर हा शब्द पेशंटसमोर उच्चारायचा नाही, असं मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. कॉलेजात असताना बघून बघूनच ते अंगवळणी पडलं. मोठे सर राउंड घ्यायचे, खाटेवरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "बरं वाटेल हं" म्हणायचे आणि व्हरांड्यात येऊन घरातल्या कर्त्या माणसाला बोलवायचे. तो शब्द व्हरांड्यात बोलला जायचा. खाटेवरचा माणूस तेवढा वेळ दाराकडे बघत पडलेला असायचा. तेही मी बघितलं होतं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

ऐंशी सालानंतर लवकरच मी नेरूळला दवाखाना टाकला. बिल्डिंगा नव्या होत्या, काहींना अजून रंगही लागला नव्हता. एका बाजूला मुंबईहून राहायला आलेले बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले लोक आणि दुसऱ्या बाजूला शिरवणे गाव. पेशंट दोन्हीकडचे यायचे. गावातल्या लोकांची भातशेती या नव्या शहराखाली गेली होती, आणि त्या शहरात ते आता काही ना काही विकत फिरत.

त्यातलीच एक बाई, पन्नाशीची. खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, टोपलीत घेऊन ती बिल्डिंगांचे जिने चढायची. मी तिला मावशी म्हणायचो. मी शाकाहारी आहे हे कळल्यापासून तिला माझी कीव यायची.

"डाक्टर, लोकांना ताकदीच्या गोल्या देताव आन सोता पाला खाताव," ती म्हणायची. "बायकोला सांगा, एक दिस चिंबोरीचा रस्सा करूं दे. सुया टोचायाला हातान बल येल."

तिच्या हिरड्या मशेरीनं काळ्या पडल्या होत्या. सकाळी तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, ती पूड बोटानं दातांना चोळायची आणि मगच चहा. गावातल्या बहुतेक बायकांचा दिवस असाच सुरू व्हायचा. एकदा ती गालाच्या आतला फोड दाखवायला आली. बोट लावलं तर कडक लागला. मी वेळ घालवला नाही. त्याच आठवड्यात तिच्या मुलाबरोबर तिला खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला. माझी शंका खरी निघाली.

मुलगा औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला होता. रिपोर्ट घेऊन तो एकटाच आला.

"आयला नका सांगू," तो म्हणाला. "ती हाय खाल. तुमच्या पाया परतो."

पाया पडायची गरज नव्हती. मी तसंही सांगणार नव्हतो. विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, कसे देतात, तोंड किती सोलवटतं, ऑपरेशन का करता येणार नाही, हे सगळं मी त्याला नीट समजावलं. तो मान हलवत राहिला. मला त्या दिवशी आपण चांगले डॉक्टर आहोत असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. टोपली दाराबाहेर ठेवून समोर बसली.

"काय निंघाला?"

"जखमेत जंतू झालेत मावशी. शेक देऊन मारायचे."

"कसलं जंतू? टीबीवानी?"

"तसंच समजा."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग मान डोलावली. "मंग मरतील," म्हणाली आणि टोपली उचलून गेली. उत्तर बेमालूम बसलं होतं. पुढे शेक घ्यायला ती कुरकुर न करता जात राहिली, याचंही श्रेय मी त्या उत्तराला दिलं.

खरं म्हणजे जंतू आणि कॅन्सर यांत जेवढं अंतर आहे तेवढं फार थोड्या रोगांत असेल. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या तुकड्याची काच पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हादरलो होतो. जंतू बाहेरून येतो, त्याला शत्रू म्हणता येतं. इथे परकं काहीच नव्हतं, आपल्याच पेशी आपली रीत विसरून वाढत सुटलेल्या. ज्याच्या त्याच्या देहातच सुरू होणारी आणि त्याच्याबरोबरच संपणारी गोष्ट. एवढं विज्ञान मला येत होतं, परीक्षेत त्यावर चांगले मार्कही मिळाले होते. पण आजारी बाईला सांगायला मी नेमकं त्याच्या उलटं निवडलं, कारण ते सोपं होतं.

तिच्या सुनेला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. शेक चालू असतानाच मुलगी झाली. त्याआधी मावशी दवाखान्यात आली की नातवंडाबद्दलच बोलायची. मांडीवर घेऊन तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं, टोपलीबरोबर कडेवर घेऊन अख्खं नेरूळ दाखवायचं. "शेक लवकर संपवा," ती मला म्हणायची, जणू ते माझ्या हातात होतं.

शेक संपले, पण गाठ हटली नाही. दोनेक महिन्यांत गालाला बाहेरून भोक पडलं. आता तिला दवाखान्यापर्यंत चालवेना, म्हणून मीच तिच्या घरी गेलो. ती बाहेर ओटीवर एकटी बसली होती. शेजारी जर्मनची एक पोचे आलेली थाळी, एक पेला आणि घडी केलेली गोधडी. बाळ आत रडत होतं. मला सगळं कळलं असं वाटलं, आणि मी आत जाऊन सुनेवर घसरलो. सासूला वाळीत टाकता का, तिचं ताट वेगळं काढता, नातीला तिच्याजवळ देत नाही, असं बरंच बोललो. शेजारच्या दोन बायका ऐकत होत्या. सून बाळाला थोपटत खाली बघत राहिली.

"मी नाय काढली थाली," एवढंच ती म्हणाली. मी पुढचं ऐकायला थांबलो नाही.

दोन-तीन दिवसांनी सून दवाखान्यात आली. सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिली.

"डाक्टर, थाली त्यांनी सोता काढली. पोर जल्मली त्या दिसापासून. मी पोर मांडीव देयाला जातंय तर हात मागं घेतान. म्हंतान, डाक्टर बोलला, माज्या तोंडान जंतू हायत."

ती पुढे म्हणाली, "देवलान तुमी भाषन केलं होतं ना, टीबीचं? त्या पयल्या वलीन बसलेल्या. त्यांना सगला पाठ हाय."

ते भाषण मी विसरून गेलो होतो. दवाखाना नवीन असताना गावच्या देवळात मी टीबीवर बोललो होतो. आजाऱ्याचं ताट वेगळं ठेवा, त्याच्या तोंडासमोर बसू नका, लहान मुलांना त्याच्याजवळ देऊ नका. माझ्या बोलण्यातला शब्द न शब्द मावशी पाळत होती. गावात माझं इतकं मनापासून दुसऱ्या कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

त्याच संध्याकाळी मी गेलो. मुलगा कामावरून आला होता, भिंतीला टेकून उभा राहिला.

"मावशी, तुमचे जंतू लागत नाहीत. नातीला खुशाल घ्या."

तिनं तोंडावरचं फडकं सावरलं. बोलणं आता फुटक्या भांड्यातून आल्यासारखं यायचं. "टीबीवानी बोलला होता."

"हे वेगळे आहेत."

"मंग काय हाय?"

मी मुलाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. तो एक शब्द बोललो असतो तर पुढचं सगळं समजावता आलं असतं. मी म्हणालो, "लागत नाही, एवढं नक्की."

ती डोळ्यांनी हसली. "मानूस चांगला हाव तुमी. मन राखताव." मग तिनं विचारलं, "तुमची पोर लहान हाय ना? तिला माज्या मांडीव ठेवाल?"

माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती. हा रोग लागत नाही हे मला पक्कं माहीत होतं, माझ्या नावापेक्षाही पक्कं. पण समोर ते फडकं होतं, त्यावर पिवळा डाग पसरला होता, वास होता, आणि माझी जीभ क्षणभर उचललीच नाही. मग मी म्हणालो, "ठेवीन की."

तो क्षण तिनं पाहिला होता. आतल्या दाराकडे हात करून सुनेला म्हणाली, "पोरीला आत ने गो. वारा लागल."

मी माझ्या मुलीला तिच्याकडे नेलं नाही. दुसऱ्याच दिवशी नेता आलं असतं. पायी दहा मिनिटांवर घर होतं. बायकोला काय सांगायचं, याचा विचार करत मी दिवस घालवले आणि तेवढ्यात ते दिवस संपले.

ती गेल्याचं कळल्यावर मी गेलो तेव्हा तिला ओटीवरच ठेवलं होतं. बायका जमल्या होत्या. सुनेनं बाळाला आणलं आणि सासूच्या उघड्या हातावर त्याचा पाय टेकवायला ती वाकली. एका म्हातारीनं तिचं मनगट धरलं. "येरी झालीस काय? रोग हाय तो."

"टेकवू दे," मी म्हणालो. आवाज मोठा आला. "तो रोग लागत नाही. कॅन्सर होता तिला. कुणालाही लागत नाही, कधीच."

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. म्हातारीनं हात सोडला. बाळाचा पाय त्या हातावर टेकला, बाळ रडलं नाही. थोड्या वेळानं सुनेनं त्याला उचललं.

मुलगा माझ्या जवळ आला. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"खरंच नाय लागत?"

"नाही."

"मी पन तिच्या थालीला हात नाय लावला कवा," तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी लागत नाय बोललाव, मना वाटला आयचा मन राखाया बोलताव."