धवलारीण मशीनवरून उतरली

आमच्या आयसीयूत आवाज केलेला मला खपत नाही. उल्हासनगरातलं हॉस्पिटल म्हणजे एका पेशंटमागे नातेवाईकांची फौज, आणि प्रत्येकाचा मोबाईल वाजणार. "सिस्टर बहुत कडक है," म्हणतात माझ्या पाठीमागे. म्हणू देत.

श्वासाच्या मशीनवरून कितीतरी म्हाताऱ्या माणसांना उतरवलंय मी. सगळ्यांचाच अभिमान आहे, पण पालेगावच्या त्या आजींचा जरा जास्तच. आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, पण मशीन काही सुटेना. मशीनचा जोर कमी केला की थोडा वेळ बरा जायचा, मग आजी घाबरायच्या. डोळे मोठे व्हायचे, छाती धपापायची, की पुन्हा मशीन. दोनदा असंच झालं. डॉक्टरांनी सुनेला स्पष्ट सांगितलं, आजही नाही जमलं तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालावी लागेल.

सून डॉक्टरांच्या पुढे आली. "डॉक्टर, सासूबाई धवलारीण आहेत हो. त्यांनी धवले गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. नेमका गळाच कापणार?"

"आधी श्वास, मग गाणं," डॉक्टर म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

मी सुनेला आत घेतलं आणि मशीनचा जोर उतरवला. तोंडात नळी असल्यामुळे आजींना बोलता येत नव्हतं. थोड्या वेळाने तेच सुरू झालं. "आजी, हळू, लांब श्वास घ्या," मी सांगून सांगून दमले. ऐकतील तर शपथ! शेवटी सुनेला म्हटलं, "अहो, तुम्हीच म्हणा एखादा धवला. त्यांना जरा बरं वाटेल."

"मला कुठं धड येतो?" म्हणत तिने सुरुवात केली. अगं बाई, काय ते गाणं! पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी पळत होती.

आजींच्या कपाळावर आठी पडली. चादरीवरचा हात उचलून त्यांनी खूण केली, हळू. सून हळू झाली आणि पुन्हा पळाली. पुन्हा हात वर. ओळ कुठे ओढायची, कुठे थांबायचं, सगळं त्या हातानेच शिकवायला लागल्या. आणि जिथे सुनेला थांबवायच्या, तिथे स्वतःही सावकाश श्वास घ्यायच्या. घाबरायचं त्या साफ विसरल्या होत्या. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा उतरत गेला. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि नळी काढली. आजी खूप खोकल्या. मग बसलेल्या, घोगऱ्या आवाजात सुनेला म्हणाल्या, "कवरी घाई गो तुला! पुन्हा म्हन."

सून रडत रडत हसायला लागली आणि घाबरून माझ्याकडे बघायला लागली. बाजूच्या बेडवरचे काकाही बघत होते, आता सिस्टर ओरडणार म्हणून.

ओरडलेच मी. "बघता काय माझ्याकडे? म्हणा! आणि मोठ्याने म्हणा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."